सामाजिक संशोधन पद्धतीचा सहा दिवसांचा वर्ग : कोकणात घ्यायचा तर काय शिकवावं, काय गाळावं?

पोफळीबाग

गुहागर तालुक्यात येत्या थंडीत सामाजिक संशोधन पद्धतीचा छोटा निवासी वर्ग घ्यायचं चाललं आहे. माणसं २४. निम्मे समाजकार्य आणि ग्रामीण विकासाचे पदव्युत्तर विद्यार्थी, निम्मे बचतगट, मच्छीमार सोसायटी, पाणीयोजना अशा कामांतले कार्यकर्ते. शाळेची एक मोठी खोली मिळते आहे आणि चालत जाण्याच्या अंतरावर पाच वाड्यांचं गाव आहे.

अशा वर्गांचे जे आराखडे हाती आले त्यांत क्रम ठरलेला दिसतो. संशोधन म्हणजे काय, त्याचे प्रकार, गृहीतक, साहित्याचा आढावा, नमुना निवडीचे प्रकार, आणि शेवटचे दोन दिवस संगणकावर एसपीएसएस, म्हणजे आकडेवारीचं विश्लेषण करणारं सॉफ्टवेअर. गावात जायचं ते एका दुपारी, 'क्षेत्रभेट' म्हणून. हे पटत नाही. पण सहा दिवसांत नेमकं काय बसतं, कोणत्या महिन्यात घ्यावं, मोबाईलवर फॉर्म शिकवावा की कागदावर, गुणात्मक पद्धतींना किती जागा द्यावी, हे जाणकारांनी सांगावं. तत्त्वं नकोत, तपशील हवा.

मोजणीदार

सहाच दिवस घ्या. पाचात गावात दोनदा जाता येत नाही, आणि दुसऱ्यांदा जाणं हाच अशा वर्गाचा गाभा आहे. पहिल्या फेरीत चुका होतात, त्या रात्री बसून दुरुस्त करायच्या आणि परत त्याच वाडीत जायचं. एकदाच जाऊन आलेल्या माणसाला वाटतं की आपल्याला जमलं.

वाटणी अशी करा. पहिला दिवस : प्रश्न ठरवणं आणि त्यासाठी कोणती माहिती लागते ते लिहिणं. दुसरा : घरयादी, पूर्ण दिवस गावात. तिसरा : सकाळी नमुना काढणं, दुपारी प्रश्नावली. चौथा : सकाळी मुलाखती, दुपारनंतर चुकांची तपासणी आणि प्रश्नावलीची दुरुस्ती. पाचवा : सकाळी पुन्हा मुलाखती, संध्याकाळी गटचर्चा. सहावा : हाती आलेली माहिती मांडणं. साहित्याचा आढावा पूर्ण गाळा. त्याची गरज आहे, पण तो ग्रंथालयात बसून शिकायचा विषय आहे, त्यासाठी माणसं गुहागरला आणायला नकोत.

घरयादीला पूर्ण दिवस का, असं विचारलं जाईल, म्हणून सविस्तर लिहितो. पुस्तकात नमुना निवडीची सुरुवात 'यादीतून निवडा' अशी असते. यादी कुठून आणायची ते पुस्तक सांगत नाही. ग्रामपंचायतीची घरपट्टीची यादी घेतली तर तीत इमारती असतात, कुटुंबं नसतात. मतदारयादीत मुंबईला राहणारे निघतात आणि लग्न होऊन आलेल्या सुना सुटतात. रेशनकार्डावर जी नावं असतात त्यांतली किती माणसं आज त्या घरात जेवतात, ते कार्ड बघून कळत नाही. तेव्हा स्वतः फिरून यादी करणं भाग आहे.

फिरायची पद्धत : दोघांची जोडी, एकाच्या हाती नकाशाचा कागद, दुसऱ्याच्या हाती यादी. आधी वाडीची हद्द चालून घ्यायची आणि पऱ्ह्या (ओढा), पाखाडी (पायऱ्यांची वाट), देऊळ, विहीर, गडगे (दगडी कुंपणं) कागदावर काढायचे. घरांना नंबर त्यानंतर. देशावर 'उजव्या हाताने चालत राहा' हा नियम चालतो, कारण घरं गल्लीला लागून असतात. इथे घरं आगरात, म्हणजे माडापोफळीच्या बागेत, आत असतात. पायवाट एका बेड्याशी, म्हणजे कुंपणाच्या फाटकाशी, येऊन थांबली की पुढे घर नाही असं समजून मुलं परततात, आणि बेड्यापलीकडे पोफळीत आणखी दोन घरं असतात. म्हणून प्रत्येक शेवटच्या घरात विचारायचंच : "याच्या पुढे, वर किंवा खाली, कुणाचं घर आहे का? मांगरात कुणी राहतं का?" मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, राखणीला ठेवलेलं नेपाळी किंवा कातकरी कुटुंब असलं तर गावातला माणूस ते आपण होऊन सांगत नाही. त्याच्या लेखी ते 'घर' नसतं.

आणि कुटुंब म्हणजे काय, ते यादीआधी ठरवायचं. राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० पासून चालू आहे. तिची व्याख्या सोपी आहे : एकत्र राहणारे आणि एका स्वयंपाकात जेवणारे. सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर असलेला माणूस कुटुंबातच धरायचा. पण मुलांनी "तुमची चूल एक का?" असं विचारलं की घर फुटल्याचा प्रश्न वाटतो आणि उत्तर "एकच आहे" असं येतं. त्यापेक्षा विचारा : "काल रात्रीचा भात कुणाकुणाचा एका तपेल्यात शिजला?" एका छपराखाली ओटी एक, विजेचं मीटर एक, आणि मागच्या पडवीत दोन शेगड्या, असं चित्र या एका प्रश्नाने उलगडतं.

सड्यावरून

मोजणीदारांशी पूर्ण सहमत, फक्त बंद घरांचं राहिलं. कोकणात यादीचा खरा कस तिथे लागतो.

२००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली, म्हणजे घटली. सिंधुदुर्गातही घट झाली. २०११च्या जनगणनेत रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. कमावता पुरुष मुंबई-ठाण्याला, हे आकड्यांतच दिसतं. वर्ग इथे घेताय तर मुलांना हे पहिल्या दिवशी दाखवा, कारण पुढचे निम्मे घोळ यातूनच येतात.

बंद घर दिसलं की मुलं 'कुलूप' एवढंच लिहितात. चार वेगळे शेरे करा. (क) पडीक, छप्पर गेलेलं. (ख) सणापुरतं उघडणारं, म्हणजे गणपती, शिमगा, मे महिना. (ग) माणसं गावातच राहतात पण आत्ता शेतावर, बाजारात किंवा दवाखान्यात गेली आहेत. (घ) थोड्या दिवसांसाठी मुंबईला गेली आहेत, परत येणार. शेजारच्या दोन वेगवेगळ्या घरांत विचारून शेरा ठरवायचा. 'क' आणि 'ख' मुलाखतीच्या यादीतून निघतात, पण घरयादीत नंबरासह राहतात. 'ग' आणि 'घ' नमुन्यात राहतात.

सगळ्यात जास्त नुकसान 'ग'च्या बाबतीत होतं. बंद मिळालं म्हणून शेजारचं उघडं घर घेतलं, ही बदली सरसकट चालते आणि ती नमुना बिघडवते. सकाळी अकराला उघडं मिळणारं घर कुणाचं? म्हाताऱ्या माणसांचं, दुकानदाराचं. मजुरीला जाणारी बाई त्या वेळी घरात नसते. तीन वेळा, वेगवेगळ्या वेळी जायचं, त्यातली एक खेप संध्याकाळी सातनंतरची. तरीही भेट झाली नाही तर 'भेट नाही' लिहायचं आणि तो आकडा अहवालात द्यायचा.

तारकर्लीकर

आमच्याकडे, म्हणजे मालवणात, आणखी एक. "घरात किती माणसं?" असं विचारलं की "आमचो झील मुंबयक असता, पण ह्यां घर तेचांच" असं उत्तर येतं आणि मुलगा कुटुंबात लिहिला जातो. मग त्याचा पगार कुटुंबाच्या उत्पन्नात जातो, आणि तो पाठवतो ते पैसे पुन्हा वेगळे. एकच रुपया दोनदा मोजला जातो. सहा महिन्यांचा नियम लावून मुलाला बाहेर ठेवा आणि फक्त पाठवलेले पैसे धरा.

पाठवलेले पैसे विचारतानाही नुसतं "मुंबईहून किती येतात?" नको. रोख किंवा मोबाईलवर आलेले, दवाखान्याचं बिल परस्पर भरलेलं, दुकानदाराची उधारी चाकरमान्याने गणपतीत फेडलेली, असे वेगळे प्रश्न हवेत. उलट्या दिशेने जाणारा तांदूळ, कोकमं, आंब्याच्या पेट्याही विचारा.

कोष्टक

नमुन्याच्या आकड्यांवर लिहिते, कारण '३८४' हा आकडा कुठेही चिकटवलेला दिसतो.

तो येतो असा : १.९६ चा वर्ग गुणिले ०.५ गुणिले ०.५, भागिले ०.०५ चा वर्ग, बरोबर ३८४.१६, म्हणजे ३८५. अर्थ : कोणतीही टक्केवारी ५ टक्के इकडेतिकडे, ९५ टक्के खात्रीने सांगायची असेल आणि नमुना मोठ्या लोकसंख्येतून सरळ चिठ्ठ्या टाकून काढला असेल तर. यातली एकही अट बदलली की आकडा बदलतो.

गावात राहती कुटुंबं ६०० च असतील तर ३८५ भागिले (१ + ३८४/६००) म्हणजे २३५ पुरतात. दहातलं एक घर भेटणार नाही असं धरलं तर २३५ भागिले ०.९, म्हणजे २६२ घरं निवडून ठेवायची.

उलट, तालुकाभर पसरलेला अभ्यास असेल आणि आधी गावं निवडून मग प्रत्येक गावातली काही घरं घेणार असाल तर आकडा वाढतो, कारण एका गावातली घरं एकमेकांसारखी असतात. ही वाढ डिझाइन इफेक्टने मोजतात : १ + (एका गावातली घरं − १) × सारखेपणाचा गुणांक. गुणांक ०.०५ धरला आणि प्रत्येक गावात २० घरं घेतली तर १.९५ पट, म्हणजे ७५१ घरं, ३८ गावं. प्रत्येक गावात १० च घेतली तर १.४५ पट, ५५९ घरं, पण ५६ गावं. मुलाखती वाचतात, प्रवास वाढतो. एका खाडीपलीकडे जायला तरीची वाट बघावी लागते (तर म्हणजे होडी) तिथे कोणतं परवडतं, हा हिशेब मुलांनाच करायला लावा.

आता तुमचा वर्ग. २४ जण म्हणजे १२ जोड्या, एका सकाळी जोडीला ४ मुलाखती, म्हणून ४८. दोन सकाळी मिळून ९६. ४८ घरांवरून काढलेली टक्केवारी १४ टक्के इकडेतिकडे असते, ९६ वरून १०. हे शेवटच्या दिवशी फळ्यावर लिहून ठेवा, म्हणजे "गावातल्या ४३.७५ टक्के कुटुंबांना" अशी वाक्यं कुणी लिहिणार नाही. पण ९६ चा आकडा धरताना प्रश्नावली दोन्ही दिवशी सारखी हवी. चौथ्या दिवशी दुरुस्त केलेले प्रश्न वेगळे मोजायचे.

आणि घरं निवडताना होणारी एक चूक, जी मला फार गंभीर वाटते. वाडीत १२० कुटुंबं, हवीत १६. १२० भागिले १६ म्हणजे ७.५. 'सोपं जावं' म्हणून ७ धरतात. पहिलं घर १ ते ७ मधून चिठ्ठीने काढतात आणि दर सातवं घेत जातात. सोळावं घर जास्तीत जास्त ११२ व्या नंबरावर येतं. ११३ ते १२० या घरांना निवडलं जायची शक्यताच उरत नाही. यादी देवळाजवळून सुरू झालेली असते. शेवटी कोण उरतं? सड्यावरचा, म्हणजे डोंगरपठारावरचा, धनगरवाडा, टोकाची बौद्धवाडी, कातकऱ्यांची घरं. एक अपूर्णांक टाळला आणि ती आठ घरं अभ्यासातून गेली. तेव्हा ७.५ च ठेवा. ० आणि ७.५ च्या मधला एक आकडा चिठ्ठीने काढा, समजा ३.२. मग ३.२, १०.७, १८.२ असं जात राहा आणि प्रत्येक वेळी वरचा पूर्णांक घ्या : ४, ११, १९.

पोफळीबाग

कोष्टकताई, हे आमच्या डोक्यातही आलं नसतं. आमच्या पाच वाड्यांत कुटुंबं साधारण १२०, ४५, ८०, ३०, २५ आहेत. सगळ्या वाड्यांत जायचं की काही निवडायच्या?

कोष्टक

सरावासाठी तीन निवडा, म्हणजे आकारानुसार शक्यता देणारी निवडही शिकवता येईल. एकेक वाडी मिळवत बेरजा लिहा : १२०, १६५, २४५, २७५, ३००. ३०० भागिले ३, म्हणून अंतर १००. १ ते १०० मधून चिठ्ठी काढा. ३७ आली तर ३७, १३७, २३७ : पहिली, दुसरी, तिसरी वाडी. पण १२ आली तर १२, ११२, २१२ : पहिली वाडी दोनदा. हे मुद्दाम घडवून दाखवा. जिचा आकार अंतराहून मोठा ती वाडी निश्चित धरायची आणि बाकीच्या १८० कुटुंबांतून उरलेल्या दोन वाड्या नव्या अंतराने, म्हणजे ९० ने काढायच्या.

मुक्तांगण_दापोली

एसपीएसएस गाळायचं हे ठीक, पण विश्लेषणाला एकच दिवस कमी पडेल. शेवटी विद्यार्थी प्रबंधात अडतात ते तिथेच.

कोष्टक

अडतात, पण बटणं माहीत नसतात म्हणून नव्हे. जामोवी, पीएसपीपी, आर ही तसलीच सॉफ्टवेअर सगळी फुकट आहेत आणि बटणं नंतरही शिकता येतात. टक्केवारी कोणत्या दिशेने काढायची ते समजलेलं नसतं. ४८ कुटुंबांचं एकच कोष्टक कागदावर, हाताने करायला लावा. समजा, घरचा कारभार बाई बघते अशी २० कुटुंबं, त्यांतल्या १५ मध्ये मुंबईहून पैसे येतात. बाकीची २८, त्यांतल्या १० मध्ये येतात. "बाई कारभार बघते अशा ७५ टक्के घरांत पैसे येतात" हे एक वाक्य. "पैसे येणाऱ्या २५ घरांपैकी ६० टक्के घरांत कारभार बाईकडे आहे" हे दुसरं. दोन्ही खरी, पण उत्तरं वेगवेगळ्या प्रश्नांची. तुमचा प्रश्न कोणता होता ते पहिल्या दिवशीच्या कागदावर बघायचं.

दुसरं, सरासरी आणि मध्यक (आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा). नऊ घरांत महिन्याला आलेले पैसे : ०, ०, ०, २०००, ३०००, ३०००, ४०००, ५०००, ६००००. सरासरी ८५५६. नऊपैकी आठ घरांत तेवढे पैसे येतच नाहीत. मध्यक ३०००. पगार, जमीन, आंब्याचं उत्पन्न, सगळीकडे असंच एक साठ हजारी घर असतं. एवढं पक्कं झालं तर सहावा दिवस कारणी लागला.

मुक्तांगण_दापोली

पटलं. मग वर्गानंतर महिन्याभराने एक दिवसाची संगणकाची बैठक ठेवा, ह्याच ४८ घरांच्या माहितीवर.

खाडीपलीकडे

गुणात्मक बाजूला एक संध्याकाळ दिली आहे, ती पुरणार नाही, पण तेवढीच असेल तर एकच गोष्ट नीट करा. गटचर्चा, वाडीचा सामाजिक नकाशा, ऋतुमानाचा तक्ता, मतांची क्रमवारी, सगळं चाखायला दिलं की कशाचीच चव लागत नाही.

गटचर्चेत ६ ते ८ माणसं, सव्वा ते दीड तास, चालवणारा एक आणि लिहिणारा एक. लिहिणाऱ्याने आधी बैठकीचा नकाशा काढायचा, कोण कुठे बसलं, आणि प्रत्येकाला नंबर द्यायचा. पुढे "३ बोलला, ५ ने मान हलवली, ६ उठून गेली" असं लिहिता येतं. नंबर नसले तर रेकॉर्डिंगमध्ये चार बायकांचा आवाज एकच वाटतो.

कोळीवाड्यात कुठे बसता, यावर अर्धी चर्चा ठरते. सोसायटीच्या कार्यालयात बसलात तर नौकामालक बोलतील आणि खलाशी ऐकतील. तांडेल (नौका चालवणारा प्रमुख) आणि खलाशी एका गटात नकोत, नौकामालक त्याहून नकोत. मासळी विकणाऱ्या बायकांचा गट वेगळा, आणि त्यांची वेळ लिलाव आणि बाजार आटोपल्यावरची. भाव काय मिळाला, उधारी किती, सुकवायला किती घातली, हे बाई सांगते. नवऱ्याला विचारून मिळालेला विक्रीचा आकडा अंदाजाचा असतो.

मिळकतीबद्दल "महिन्याला किती सुटतात?" हा प्रश्न मासेमारीत निरर्थक आहे. गेल्या फेरीबद्दल विचारा : किती दिवसांची होती, डिझेल, बर्फ, रेशन किती, विक्री किती, खर्च वजा जाता उरलेल्याचे वाटे किती पडले, त्यांत नौकेचे किती, जाळ्याचे किती, माणसांचे किती. वाट्यांचं प्रमाण बंदरागणिक निराळं असतं, रापणीत (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यात) तर आणखी निराळं. म्हणून आधीच पर्याय छापू नका, मोकळी जागा ठेवा.

रेकॉर्डिंग उतरवायला तासाला चार ते सहा तास लागतात. वर्गात दहाच मिनिटं उतरवायला द्या, बोलले तसं, प्रमाण मराठीत न फिरवता. मग दोन जोड्यांना तोच उतारा देऊन वेगवेगळे संकेत लावायला, म्हणजे कोणता तुकडा कशाबद्दल आहे ते एका शब्दात लिहायला, सांगा आणि जुळवून बघा.

कोष्टक

जुळणी मोजायचीही सोय आहे. ६० तुकडे, 'कर्ज' हा संकेत लावायचा की नाही. दोघांनी लावला २१, दोघांनी नाही लावला २७, फक्त पहिल्याने ९, फक्त दुसऱ्याने ३. जुळले ४८, म्हणजे ०.८. पण पहिल्याने एकूण ३० तुकड्यांना लावला, दुसऱ्याने २४ ना, म्हणजे निव्वळ योगायोगानेही ०.५ × ०.४ + ०.५ × ०.६ = ०.५ जुळलं असतं. (०.८ − ०.५) भागिले (१ − ०.५) म्हणजे कोहेनचा कप्पा ०.६. तो सुधारायला न जुळलेले १२ तुकडे समोर ठेवून भांडायचं. "बोटीच्या मालकाकडून उचल घेतली" हे कर्ज की मजुरीची आगाऊ रक्कम? संकेताची व्याख्या तिथे तयार होते.

फॉर्मवाली

मोबाईलबद्दल. पहिली फेरी कागदावर, दुसरी मोबाईलवर. कागदावर भरताना उड्या चुकतात, "नाही असेल तर प्रश्न १४ वर जा" हे विसरलं जातं, आणि मग फॉर्ममध्ये उडी का घालायची ते कळतं.

कोबो टूलबॉक्स किंवा ओडीके, मोबाईलवर प्रश्नावली भरायची ही दोन्ही साधनं चालतात. नेटवर्क नसलं तरी भरता येतं, रेंजमध्ये आल्यावर पाठवायचं. फॉर्म सकाळी शाळेत, वायफायवर, सगळ्यांच्या फोनमध्ये उतरवून घ्या. घाटीत उतरल्यावर जमत नाही. नेहमीचे घोटाळे :

प्रश्न युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या छपाईच्या फॉन्टमधला मजकूर चिकटवला तर फोनवर अगम्य अक्षरं येतात.

'माहीत नाही'ला ८८ आणि 'सांगायचं नाही'ला ९९ देऊ नका. इथे ८८ वर्षांच्या आजी घरोघर आहेत. उणे ८, उणे ९ वापरा. वयाला ० ते ११० ची मर्यादा घातली असेल तर हे दोन आकडे तेवढे सोडवून घ्या, नाहीतर फॉर्म तिथेच अडतो.

आकड्यांची जागा आकड्यांचीच ठेवा. मजकुराच्या जागेत कुणी '१२', कुणी 'बारा', कुणी '१०-१२' लिहितं आणि बेरीज होत नाही.

जीपीएसची अचूकता ५ मीटर झाल्याशिवाय फोन जागेची नोंद आपोआप पक्की करत नाही, अशी मूळ मांडणी असते. पोफळीच्या गच्च बागेत ५ मीटर मिळायला फार वेळ जातो, बाई ताटकळत उभी राहते. मर्यादा १५ मीटर करा आणि नोंद खळ्यात, आभाळाखाली घ्या.

संध्याकाळी प्रत्येक मुलाखतीची सुरू आणि संपल्याची वेळ बघा. ४० प्रश्न ९ मिनिटांत झाले असतील तर त्या जोडीजवळ बसा. दहातल्या एका घरी दुसऱ्याने जाऊन पाच प्रश्न परत विचारायचे.

नवशिकी

कणकवलीत एम.ए. करते आहे. प्रश्नावलीच्या चुका कशा ओळखायच्या? आणि असे वर्ग आणखी कुठे असतात?

मोजणीदार

ताई, दुसरं आधी. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद १९६९ पासून आहे, तिच्या अनुदानातून विद्यापीठं पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवसांचे संशोधन पद्धतीचे वर्ग घेतात. एम.ए.ला असताना 'स्वयम' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरचे अभ्यासक्रम बघा. आणि राष्ट्रीय नमुना पाहणी आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, दोन्हींच्या मुलाखतकारांसाठीच्या सूचनापुस्तिका इंटरनेटवर फुकट मिळतात. कोणता प्रश्न कुणाला, कसा विचारायचा, उत्तर अडलं तर काय करायचं, हे तिथे ओळीओळीने आहे. पाठ्यपुस्तकाआधी त्या वाचा.

पहिल्या प्रश्नाला : प्रश्न मोठ्याने वाचा, दोघांनी, एकाने कोकणातल्या साठीच्या बाईंच्या जागी बसून. "तुमच्या वाडीत पाणी आणि रस्त्याची सोय चांगली आहे का?" यात दोन प्रश्न आहेत. "सरकारी योजनेमुळे तुम्हाला काय फायदा झाला?" यात फायदा गृहीत आहे. "वर्षाला आंब्याचं उत्पन्न किती?" याला उत्तर नाही, कारण बाग कराराने दिली असेल तर किती पेट्या निघाल्या ते मालकालाही माहीत नसतं. आधी विचारा : बाग स्वतः करता की दिली आहे? दिली असेल तर करार किती वर्षांचा, रक्कम किती. स्वतः करत असतील तर पेट्या किती, पेटीत डझन किती, आणि अडत्याची पट्टी दाखवाल का. पट्टीवर हमाली, भाडं, अडत वजा होऊन राहिलेली रक्कम असते, सांगताना मात्र माणूस वरचा भाव सांगतो.

सड्यावरून

वय आणि साल यांसाठी घटनांचा तक्ता करून जोड्यांना द्या. "केव्हाची गोष्ट?" याला म्हातारी माणसं सालाने उत्तर देत नाहीत. रामदास बोट बुडाली १७ जुलै १९४७, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७, कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली १९९८ च्या जानेवारीत, फयान चक्रीवादळ नोव्हेंबर २००९, निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२०, चिपळूणचा पूर जुलै २०२१. "कर्ज घेतलं ते निसर्गच्या आधी की नंतर?" हे बरोबर सांगतात. गावातल्या घटना, नळ कधी आला, पूल कधी झाला, घरयादीच्या दिवशीच विचारून त्यात घाला.

महिना : डिसेंबर-जानेवारी उत्तम. भात झोडून झालेलं असतं, आंब्याची घाई सुरू व्हायची असते. मार्च ते मे बागायतदार भेटत नाही आणि शाळाही मे महिन्यात चाकरमान्यांच्या लग्नांना दिलेली असते. मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, तेव्हा नौकेवरची माणसं घरी असतात, पण परगावचे खलाशी निघून गेलेले असतात आणि शेतकरी लावणीत. गणपतीत तर सारं गावच वेगळं असतं. त्या आठवड्यात मोजलेलं माणूसबळ वर्षभराचं म्हणून लिहिणं चूक.

पोफळीबाग

सगळ्यांचे आभार. जानेवारीचा दुसरा आठवडा धरतो. दोन शंका. संमती सही घेऊन की तोंडी? आणि शेवटच्या दिवशी गावकऱ्यांना बोलावून माहिती दाखवायची इच्छा आहे, ते बरोबर का?

खाडीपलीकडे

सहीसाठी कागद पुढे केला की सातबाराची भीती जागी होते. सामायिक जमिनीचे वाद घरोघर आहेत. आपण कोण, कशासाठी विचारतो, किती वेळ लागेल, कोणताही प्रश्न सोडता येतो, नाव कुठे छापलं जाणार नाही, एवढं वाचून दाखवा. तोंडी होकार मिळाला की मुलाखतकाराने स्वतःची सही, तारीख, वेळ लिहावी. रेकॉर्डिंगसाठी परवानगी वेगळी मागायची. १८ वर्षांखालच्या मुलांना विचारायचं असेल तर पालकांची संमती आणि मुलाचा होकार, दोन्ही. आणि हा सरावाचा वर्ग आहे, यातून योजना मिळणार नाही, हे दारातच सांगा.

कोष्टक

गावकऱ्यांना दाखवा, पण कोष्टकातल्या ज्या चौकोनात आकडा ५ पेक्षा कमी आहे तो फळ्यावर लिहू नका. २५ कुटुंबांच्या वाडीत "सावकाराकडून कर्ज : २" लिहिलं की ती दोन घरं कोणती ते सभेत बसलेल्या प्रत्येकाला कळतं. लहान वाड्या एकत्र करा, किंवा पूर्ण गावाचाच आकडा द्या. घरयादीचा नकाशा दाखवायला हरकत नाही, त्यात सुटलेलं घर कुणीतरी लगेच सांगतं. तो नकाशा ग्रामपंचायतीला द्यायचा असेल तर नावं आणि बंद घरांचे शेरे काढून द्या. महिनोन् महिने कुलूप असणारी घरं कोणती, ही यादी भिंतीवर लागता कामा नये. जीपीएसच्या नोंदी वर्ग संपला की सगळ्या फोनांतून, तुमच्यासमोर, पुसायला लावा.